कुलूप बाहेरून होतं

रविवार, १५ नोव्हेंबर १९९८. सकाळचे अकरा. जालना, स्टेशनकडच्या रस्त्यावरचा एक गाळा. आत पोरंपोरी इंग्रजीचा सराव पेपर सोडवत होती आणि मला बाहेरून कुलूप होतं.

मी त्या गाळ्याचं लोखंडी शटर बोलतोय. चौकशीला आलेल्यांपैकी कोणी माझ्याकडे वाकून पाहिलं नाही. म्हणून आता न विचारता सांगतो.

पत्र्याच्या पट्ट्या एकमेकींत अडकवून मला घडवलं. आधी माझ्यामागे सरकी पेंडीची पोती असत. मग देवानंद सरांनी गाळा घेतला आणि एम.बी.ए.च्या प्रवेश परीक्षेचा क्लास काढला. गणितात आपली पोरं कुठंच कमी नव्हती. अडायची ती इंग्रजीच्या लांबलचक पॅसेजवर. वाचता वाचता डोकं धरायची.

सर सांगत, "डोकं दुखलंच पाहिजे. दुखलं म्हणजे इंग्रजी आत शिरून राह्यली."

पोरांनी ते खरं धरलं. डोकेदुखी मिरवू लागली. कोणी गोळी घेतली, तर बाकीचे चिडवत.

बदनापूरकडून येणारी पॅसेंजर नेहमी उशिरा यायची आणि ऐन पेपरात कोणीतरी मला ठोकायचं. सरांनी उपाय काढला. पेपर वाटला की मला खाली ओढायचं, बाहेरून कुलूप घालायचं आणि किल्ली खिशात टाकून समोरच्या हॉटेलात बसायचं. आईबाप याला शिस्त म्हणत. शेजारचे दुकानदार पाहत आणि कौतुक करत.

बेबीनंदा बदनापूरची. तिचे वडील कारभारी यांनी तिला एकच वर्ष दिलं होतं. परीक्षा निघाली तर पुढं शीक, नाहीतर फाल्गुनात लग्न. ती स्टेशनवर कालचं इंग्रजी वर्तमानपत्र मागून घ्यायची आणि गाडीत मोठ्यानं वाचायची. दोनदा गाडीपायी ती माझ्याबाहेर राहिली होती. त्या रविवारी तिनं गाडीचा भरवसाच धरला नाही, पहाटेच्या एस.टी.नं आली. सगळ्यांत आधी आली आणि शेवटच्या बाकावर बसली, कारण तिथं बल्बचा उजेड चांगला होता.

लाईट सकाळपासून नव्हती. बल्ब सरांच्या नव्या जनरेटरवर होता. बाहेर ठेवला तर चोरीला जाईल म्हणून तो आतच, शेवटच्या बाकामागे प्लायवूडच्या आडोशाला होता. वरातीच्या बँडचा त्रास नको म्हणून मागची खिडकीही लावून घेतलेली. सरांनी जनरेटर चालू केला, पेपर वाटले आणि मला कुलूप घालून ते गेले.

पॅसेज इंग्लंडातल्या कुठल्या चित्रकारावर होता. अर्ध्या तासात पोरं कपाळ चोळू लागली.

"ह्या चित्रकारानं माह्यं डोकं फोडलं," बेबीनंदा म्हणाली. पोरं हसली.

पुढच्या बाकावरच्या मेहरुन्निसानं मागं वळून पाहिलं. "बेबी, तुझं तोंड असं लाल का दिसून राह्यलं? मला मळमळून राह्यलंय. उठ, शटर ठोकू."

"तू ठोक. माह्ये दोनच प्रश्न राह्यले. डोकं दुखून राह्यलंय म्हणजे बराबर चाललंय."

मेहरुन्निसा भिंतीला धरून माझ्यापर्यंत आली. तिनं मला दोन्ही हातांनी ठोकलं. रस्त्यावरच्यांना वाटलं, उशिरा आलेल्यांचंच ठोकणं आहे. सवयीनं कोणी पाहिलं नाही. शेजारच्या पंक्चरवाल्या चांदपाशाला मात्र कळलं की ठोकणं आतून आहे. किल्ली शोधत न बसता त्यानं टायर काढायची टॉमी माझ्याखाली घातली आणि सगळा भार टाकला. कुलुपाची कडी तुटली, मी वर गेलो आणि जनरेटरचा आत कोंडलेला विषारी वायू बाहेर पडला. बाकीची पोरं रस्त्यावर ओकत शुद्धीवर आली. बेबीनंदाला चादरीत उचलून नेलं. ती परत आली नाही.

चौकशीत सर म्हणाले, शटर उघडंच होतं, पोरगी आधीपासून आजारी असावी. तसंच लिहिलं गेलं. ज्यांनी रोज कौतुक केलं, त्यांना कुलूप आठवलं नाही. चांदपाशानं कडीसकट ते कुलूप स्वतः चौकीत नेऊन दिलं होतं. त्याला सांगितलं, तुझं काम पंक्चरचं, जा.

आता माझ्यामागे मोबाईलचं दुकान आहे. मालक मला काढून काचेचं दार बसवणार आहे. मला भंगारात द्यायचं तर द्या. त्याआधी एवढं कोणीतरी पाहून घ्या. माझी खालची पट्टी टॉमीनं वाकलेली आहे. ती बाहेरून वाकलेली आहे.