पोटात रेघ असलेली बाटली

या, असे जवळ सरकून बसा. आज एका बाईची गोष्ट सांगायची आहे. देवाने तिला खरं बोलायची खोड दिली, आणि तिचं ऐकून घेणारं एकुलतं माणूस मात्र उचलून नेलं.

एका प्रयोगशाळेत मोडक्या हाडातली पोकळी भरायची काच बनत असे. खिडकीची नव्हे हो! ही काच शरीरात हळूहळू विरघळते आणि अंगावर हाडासारखा पांढरा थर धरते. थर धरला तरच हाड तिला आपलं म्हणतं. या कामावर दोन बायका होत्या. सख्ख्या बहिणी नव्हेत, पण सगळे त्यांना थोरली आणि धाकटी म्हणत. थोरली मागच्या वर्षी देवाघरी गेली. धाकटी छप्पन्न वर्षांची झाली, डोकं पांढरं झालं, तरी नाव तेच राहिलं.

थोरलीने जुळवलेल्या शेवटच्या काच-मिश्रणाच्या दोन चकत्या उरल्या होत्या. साहेब म्हणाले, "धाकट्या ताई, चार आठवड्यांत थर आला तर पुढे नेऊ. नाही तर हे मिश्रण कायमचं बंद."

तपासणी साधी. रक्तातले क्षार घातलेलं पाणी अंगाइतकं कोमट ठेवायचं, त्यात चकती टांगायची. बाटली मात्र कोरी हवी, आतून एक ओरखडाही नको; ओरखड्यावर पाण्यातले क्षार आपोआप पांढरे धरतात.

धाकटीच्या टेबलावर थोरलीची जुनी बाटली होती, हा नियम येण्याआधीची. 'एवढंच पाणी, जास्त नको' म्हणून थोरलीने तिच्या पोटात सुईने आडवी रेघ ओढली होती. आता त्यात पेनं उभी असत. धाकटीने पेनं काढली, बाटली घासून धुतली. रेघ डोळ्यांना दिसली, पण मनाने ती बघितलीच नाही. तुझी काच, तुझीच बाटली, एवढंच तिच्या मनात. तिने पहिली चकती त्यात टांगली आणि बाटली उबेच्या कपाटात ठेवली.

रोज सकाळी कपाट उघडून ती विचारी, "उठलीस का गं?" थोरली असती तर म्हणाली असती, "काचेशी काय बोलतेस? कंटाळून लवकर विरघळेल ती!" धाकटी एकटीच हसे, आणि हसू कुणाकडे पाठवावं ते न कळून पुन्हा तोंड मिटून घेई.

नवव्या दिवशी चकती दुधासारखी पांढरी निघाली.

"जिंकली की तुमची थोरली!" साहेब ओरडले. "अहवालावर पहिलं नाव तिचं!"

टाळ्या झाल्या, माणसं पांगली. धाकटीने नळ सोडला आणि बाटली धुवायला घेतली. रेघेवर चकतीपेक्षा जाड पांढरं धरलं होतं. थर काचेने धरलाच नव्हता. रेघेवरचे कण सुटून चकतीवर बसले होते. आणि हे तिच्याशिवाय कुणालाही कळणार नव्हतं.

ती नळ बंद करून तशीच ओल्या हातांनी साहेबांकडे गेली.

"साहेब, तो थर खरा नाही. बाटलीत ओरखडा होता."

"तुमच्या हातून अशी चूक? घेतलीत कशाला ती बाटली?"

"तिची होती."

साहेबांनी चष्मा काढला. "गप्प राहिला असतात तर नाव लागलं असतं तिचं."

"आणि कुणाच्या तरी मांडीत ही काच बसली असती. हाडाने ओळखच दिली नसती, तर ते माणूस कुणाकडे बघणार? थोरलीने फाडून खाल्लं असतं मला."

दुसरी चकती नव्या बाटलीत टांगली. या वेळी धाकटी काही बोलली नाही. उघडायची, बघायची, कपाट लावून घ्यायची. अठ्ठाविसाव्या दिवशी चकती तशीच होती, स्वच्छ, उघडी.

मिश्रण बंद झालं. साहेब दारातून म्हणाले, "चला, चहा घेऊ सगळे." "येते," ती म्हणाली, आणि गेली नाही. जुन्या बाटलीत तिने पेनं पुन्हा उभी केली. रेघेवरचं पांढरं तिने खरवडलं नाही.

खोटी काच कुणाच्या हाडात गेली नाही, ती थोरलीच्याच धाकाने. आता हात जोडून एकच मागणं. उद्या गुडघा न कुरकुरता जिना चढलात, तर वरच्या पायरीवर क्षणभर थांबून त्या थोरलीला आठवा. तिचं नाव कुठल्याच कागदावर लागलं नाही. आठवायला धाकटी एकटीच आहे, आणि एकटीने किती आठवायचं?