सात वाजताची एक रिंग

दातवालीच्या घरात टूथपेस्टची ट्यूब अशी सहजासहजी संपत नसे. आधी ती पिळली जायची, मग बाटलीनं लाटली जायची, मग कात्रीनं उभी चिरून आतून ब्रशनं पुसून घेतली जायची. त्यानंतर कुठे ती कचऱ्यात जायची, आणि तीही फौजदारानं पाहिल्यावर. फौजदार म्हणजे तिची चौदा वर्षांची लेक. खोलीतून माणूस बाहेर पडलं आणि दिवा तसाच राहिला, तर ही पोरगी बापालासुद्धा कान धरून परत आणायची.

बाप लिफ्टदुरुस्तीच्या कामावर. दिवसभर लोकांच्या लिफ्ट वरखाली करायचा आणि संध्याकाळी बसचे दोन थांबे वाचवायला पायी घरी यायचा. त्याचे केस बायकोच कापायची. मागून एक कान दुसऱ्यापेक्षा वर आहे असं वाटावं, इतके वाकडे.

"कामावर विचारतात, पडलास का कुठे?" तो म्हणायचा.

"सांगा, कर्जात पडलोय," ती म्हणायची.

ती स्वतः कवळ्या बनवायच्या लॅबमध्ये कामाला होती, म्हणून सगळी वस्ती तिला दातवाली म्हणे. साबणाचे झिजलेले तुकडे ती लॅबमधल्या जुन्या साच्यात दाबून आणायची, त्यामुळे त्यांच्याकडे साबणाची वडी कधीकधी दाढेच्या आकाराची असे. बाजार उठायच्या वेळी जाऊन भाजी आणायची. फौजदाराचा गणवेश मोठ्या मापाचा घेऊन आत दुमडायची आणि दरवर्षी एक एक दुमड सोडायची. पाठीमागे लोक चिक्कू म्हणत, काही जण तोंडावरही म्हणत. म्हणू देत. लोकांना काय जातंय बोलायला? वीस वर्षांचं घरकर्ज तिला अकरा वर्षांत फेडायचं होतं, आणि त्याला कारण होती तिची आई.

दातवाली नऊ वर्षांची असताना तिच्या वडिलांनी घर गहाण टाकलं आणि ते सोडवायच्या आधीच ते गेले. एका सकाळी चार माणसं आली. त्यांनी कपाट, गाद्या, पाण्याचं पिंप, सगळं रस्त्यावर मांडलं आणि दाराला आपलं कुलूप लावलं. आत गॅसवर भात ठेवलेला होता. आई त्या कुलपाकडे बघत एकच म्हणत राहिली, "निदान गॅस तरी बंद करू द्या." कुलूप लावणाऱ्याला वाटलं, बाई आत शिरायला काहीतरी निमित्त काढतेय. गल्लीच्या टोकापर्यंत करपल्याचा वास येत होता. पुढं आयुष्यभर आई गॅसवर भात ठेवून शेगडीपुढून हलली नाही.

त्यामुळे दातवालीनं घर घेतलं आणि मोठ्या हौसेनं आईला बोलवायला गेली, तेव्हा आईनं पहिला प्रश्न विचारला, "कागद कुणाकडे आहेत?"

"बँकेकडे. कर्ज आहे ना, आई."

"मग मी काय बँकेकडे राहायला येऊ?"

"अगं, तू इथं तरी भाड्यानंच राहतेस!"

"ही खोली दुसऱ्याची आहे हे मला रोज माहीत असतं. तिच्यावर माझा जीव नाही. तुझ्या घरावर जीव बसेल, आणि मग कुणी कुलूप लावलं तर मला पुन्हा नाही सोसणार. घर तुझं झालं की ये न्यायला. त्या दिवशी येते."

"सासूबाई बँकेपेक्षा कडक आहेत," नवरा म्हणाला. पण त्यानंच मागच्या खोलीत त्यांच्यासाठी पलंग केला, लिफ्टचे सुटे भाग यायचे त्या खोक्यांच्या फळ्यांचा. म्हातारीचे गुडघे दुखतात म्हणून पुढच्या भेटीत तो टेप घेऊन गेला आणि जमिनीपासून तिच्या गुडघ्याचं माप घेऊन आला. अकरा वर्षं त्या पलंगावर कुणी झोपलं नाही. पाहुणे आले तरी खाली झोपत.

आई आठ तासांच्या अंतरावर होती. येण्याजाण्याला पैसे लागत, बोलायलाही पैसे लागत, म्हणून मायलेकींनी रिंगचा कायदा ठरवला. रोज संध्याकाळी सात वाजता आईनं फोन लावायचा आणि कुणी उचलायच्या आत कापायचा. एकदा वाजला तर ठीक. दोनदा वाजला तर तू फोन कर. तीनदा वाजला तर निघून ये. दातवालीच्या घरचा फोन स्वयंपाकघरातल्या फळीवर असायचा. तो एकदा वाजून गप्प झाला की जवळ जो असेल त्यानं मोठ्यानं "आजी ठीक!" म्हणून ओरडायचं, आणि घरातली कामं पुढं सुरू व्हायची. फुकटात रोजची खुशाली कळते म्हणून दातवालीला या युक्तीचा कोण अभिमान! लॅबमध्ये तिनं चार जणींना शिकवली होती.

पहिली काही वर्षं आईची रिंग गबाळीच असे. कधी पावणेसातला, कधी सव्वासातला. कधी ती कापायलाच विसरे आणि नवरा फोनपुढं हात जोडून म्हणे, "सासूबाई, कापा, मुद्दल वाढतंय." महिन्यातून एकदा दातवाली स्वतः फोन करून बोलायची. पण पुढं आईला कमी ऐकू यायला लागलं आणि सगळे पैसे "काय? काय म्हणालीस?" यातच जाऊ लागले. मग तेही कमी झालं. रिंग येत होती ना.

शेवटच्या वर्षी दातवालीनं फारच आवळून धरलं. वर्षातून एकदा आईकडे जायची, तेही त्या वर्षी टाळलं. थोडंच राहिलं होतं. वाचलेलं बसचं भाडं, बोनस, नवऱ्याच्या जादा पाळ्यांचे पैसे, सगळं तिनं एकाच आठवड्यात मुद्दलात भरलं. आणि काय योग बघा, नेमकं त्याच सुमारास आईची रिंग सुधारली. ठोक्याला सात. एकदा वाजायची आणि सुरीनं कापल्यासारखी थांबायची. चार महिने रोज.

"आई आता तयार झाली," ती कौतुकानं म्हणाली.

मध्ये एकदा तिला राहवलं नाही म्हणून तिनं फोन केला. फोन आईच्या शेजारच्या इस्त्रीवालीनं उचलला. "मावशी झोपल्यात ताई. ठीक आहेत," ती म्हणाली. अठ्ठावन्न सेकंदांत बोलणं संपलं. दुसरं मिनिट लागलं नाही म्हणून दातवालीला बरं वाटलं होतं. हे तिला पुढं जन्मभर आठवणार होतं.

कर्ज फिटलं त्या दिवशी बँकेतल्या साहेबानं कागदांचं पाकीट हातात दिलं आणि उगाच हसून म्हणाला, "एवढी काय घाई होती तुम्हाला?" दातवालीनं पाकिटातले कागद मोजून घेतले. तिनं रजा टाकली, पाकीट ब्लाउजपीसमध्ये गुंडाळून पिशवीच्या तळाशी ठेवलं आणि सकाळची बस धरली. आईला कळवलं नाही. समोर उभं राहून कागद दाखवायचे, एवढंच डोक्यात होतं. आठ तास तिनं पिशवी मांडीवरून खाली ठेवली नाही.

आईच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. शेगडीवर धूळ होती. हे तिनं आधी पाहिलं. आईच्या शेगडीवर धूळ?

मग खाटेवरची आई दिसली. उजवा गाल ओघळलेला, उजवा हात पोटावर दुमडलेला. केस कुणीतरी व्यवस्थित विंचरले होते. आई जागी होती. तिनं दाराकडे पाहिलं, दातवालीकडे पाहिलं, आणि ओळख नसलेल्या माणसाला वाट द्यावी तसे पाय जरा आत ओढून घेतले.

"आई?"

उशाशी ताटलीत कवळी होती. दातवालीनं स्वतः बनवलेली, आईच्या जुन्या हसऱ्या फोटोवरून एकेक दात लावलेली. तिनं ती उचलली. कोरडी ठक्क. कवळी पाण्याबाहेर राहिली की वाळते, वाकते. तिनं अंगठ्यानं दाबून पाहिलं आणि तिला कळलं, ही काही दोन-चार दिवसांची गोष्ट नाही. हे महिन्यांचं काम आहे. ती खाटेच्या कडेवर बसली.

इस्त्रीवाली पदराला हात पुसत आली आणि दारातच थबकली. मग तिनं सगळं सांगितलं, खालमानेनं.

चार महिन्यांपूर्वी आई मोरीत पडली होती. उजवी बाजू गेली, जीभ जड झाली, पण कळत सगळं होतं. डॉक्टर म्हणाले, मोठ्या दवाखान्यात न्या, खर्च आहे, पण आत्ता नेलं तर फरक पडेल. "मी फोन घेतला, ताई. म्हटलं तीनदा वाजवते. तर मावशींनी चांगल्या हातानं माझं मनगट धरलं. असं धरलं की वळ उठला. म्हणाल्या, लेक घर सोडवतेय. तिला कळलं तर सगळे पैसे घेऊन इथं येईल. थोडंच राहिलंय. मला शपथ घातली. रोज सातला मी दुकान बंद करून यायची आणि त्या एक बोट दाखवायच्या. एकदाच वाजव. दोनदा वाजवू का म्हटलं तर डोळे वटारायच्या."

"आणि मी फोन केला तेव्हा?"

"तेव्हा माझ्याकडे बघत होत्या. झोपल्या नव्हत्या." इस्त्रीवाली रडायला लागली. "तीन आठवड्यांपूर्वी दुसरा झटका आला. तेव्हापासून बोलत नाहीत, मलाही ओळखत नाहीत. मग मात्र मला भीती वाटली. इतके दिवस लपवलं, आता कोणत्या तोंडानं सांगू? उद्या सांगू, उद्या सांगू म्हणत रोज एकदाच वाजवत राहिले. मला मारा, ताई."

दातवाली कुणाला मारणार? चार महिन्यांपूर्वीचा तो आठवडा तिला पाठ होता. बोनस, पाळ्यांचे पैसे, बसचं भाडं. दवाखान्याला लागले असते तेवढे पैसे तिच्या हातात होते, आणि ते तिनं स्वतः काउंटरच्या काचेखालून आत सरकवले होते. मागं उभ्या असलेल्या माणसाला तिनं हसून सांगितलंही होतं, "आईसाठी चाललंय सगळं."

तिनं पाकीट काढलं. आईच्या चांगल्या हातात कागद दिले. "आई, बघ. सुटलं घर. आता कुणी कुलूप लावणार नाही. मी न्यायला आलेय." आईनं कागद पाहिले, सुरकुती पडली होती ती तळव्यानं सारखी केली, आणि दुसऱ्याची वस्तू सांभाळून परत द्यावी तसे ते तिला परत दिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दातवालीनं आयुष्यात पहिल्यांदा भाव न करता गाडी ठरवली. इस्त्रीवालीनं आईचे कपडे कडक इस्त्री करून पिशवीत भरले, वर बटणांचा जुना फोन ठेवला. घरी नवरा आणि फौजदार दारात उभे होते. दोघांनी म्हातारीला उचलून उंबऱ्याच्या आत नेलं. ज्या क्षणासाठी अकरा वर्षं ट्यूबा चिरल्या, तो असा आला आणि गेला. आईनं भिंतींकडे पाहिलंसुद्धा नाही.

पलंगावर बसवल्यावर तिचे पाय जमिनीला बरोबर टेकले. नवऱ्यानं ते पाहिलं, आणि तो स्वयंपाकघरात जाऊन बटाटे सोलायला लागला. त्याची सालं त्या दिवशी जाड निघत होती, पण फौजदारानं ती न तपासता कचऱ्यात टाकली.

संध्याकाळी आई एकदम अस्वस्थ झाली. डावा हात चादरीवर चाचपडू लागला. दातवालीनं पाणी दिलं, ते तिनं बाजूला सारलं. उशी सरळ केली, तिनं मान हलवली. मग आईनं हात वर केला आणि एक बोट दाखवलं.

दातवालीनं घड्याळाकडे पाहिलं. सात वाजत होते.

"आई, अगं मी इथंच आहे," ती म्हणाली. "ती लेक मीच. आता नको वाजवायला."

आईनं डोळे वटारले. ही कोण नवीन बाई, आणि हिला साधं काम जमू नये? बोट पुन्हा वर आलं. एक. हात खाली येईना. तिकडे कुठेतरी लेक वाट बघत असेल, काळजी करेल, सगळं टाकून धावत येईल, आणि थोडंच तर राहिलंय.

दातवालीनं पिशवीतून बटणांचा फोन काढला. त्यात एकच नंबर होता. तिनं तो लावला. स्वयंपाकघरातल्या फळीवर फोन वाजला. एकदा. तिनं कापला.

"आजी ठीक!" आतून नवरा सवयीनं ओरडला, आणि ओरडल्यावर तिकडे सुरीचाही आवाज बंद झाला.

आईला ते ऐकू आलं नसेल. पण तिनं फोन कापलेला पाहिला, आणि बोट खाली घेतलं. चेहऱ्याची जी बाजू अजून हलत होती, ती निवांत झाली. काम नीट केल्याबद्दल तिनं समोरच्या परक्या बाईचा हात दोनदा थोपटला आणि डोळे मिटले. दातवाली त्या हातावर डोकं टेकून, आईची झोप मोडू नये म्हणून तोंडात पदर कोंबून रडत राहिली.