राणीची पायरी

तळ्यावर येणाऱ्या पाहुण्यांना गावाचा इतिहास सांगणाऱ्या बाईला नाववाले ‘माहितीबाई’ म्हणत. त्यात माहिती किती आणि बाई किती, हे तिचं तिला ठाऊक होतं. शिक्षण बेताचं. इतिहास शिकली ती वाचनालयातल्या वाळवी लागलेल्या पुस्तकांतून. वाळवीने खाल्लेलं ती पदरचं घालून भरून काढी.

पहिल्याच मोसमात एका पाहुण्याने पाण्यालगतच्या दगडाकडे बोट दाखवलं. “याला एवढा गुळगुळीत खळगा कसा पडला हो?” ‘माहीत नाही’ म्हणायला हिची जीभ रेटेना. म्हणाली, “इथे राणी बसायची, पाण्यात पाय सोडून.” झालं! दगडाची ‘राणीची पायरी’ झाली. चौदा वर्षांत त्या राणीला विरह झाला, तिचं एक पैंजण पाण्यात हरवलं, नवी जोडपी त्या खळग्यात बसून फोटो काढू लागली. पैंजणापाशी तर माहितीबाईचा स्वतःचाच गळा दाटून येई.

यंदा पर्यटन कार्यालयाने नवं खूळ काढलं. परवाना हवा तर सहलीतल्या प्रत्येक ठिकाणापुढे ‘आधार’ लिहायचा. तपासणीला तिथल्या मॅडम येणार. जुनी जकात चौकी : सरकारी नकाशा. घंटेचा मनोरा : दारावरचा लेख. राणीची पायरी : कोरं. परवाना गेला तर दिवसभर घरात बसायचं, आणि ऐकणारं माणूस एकच, सासूबाई. त्याही ऐकणाऱ्यातल्या नव्हेत, ऐकवणाऱ्यातल्या.

तपासणीच्या सकाळी नेमक्या सासूबाईच चपला घालून दारात उभ्या. “मीही येते. चौदा वर्षं काय सांगत असतेस ते कळू तरी दे.”

“आई, आज नको ना. उन्हाचा त्रास होईल तुम्हाला.”

“ऊन मला काय नवीन आहे?”

चौकी झाली, मनोरा झाला. मॅडम मान डोलावत कागदावर खुणा करत होत्या. वीसेक पाहुणे मागे. दगडापाशी आल्यावर माहितीबाईने घसा साफ केला आणि विरहाला हात घातला. पैंजण पाण्यात पडलं, आता गळा दाटणार एवढ्यात मागून आवाज आला.

“अगं, हा तर आपला धुण्याचा दगड!”

पाहुणे हसले. सासूबाई काठी टेकत पुढे आल्या. “अर्धा खळगा माझ्या सासूने पाडला, उरलेला मी. चादरी आपटून आपटून. तुझ्या नवऱ्याचे लंगोट इथेच धुतलेत.”

मॅडमचं पेन थांबलं. “मग राणी?”

सगळे माहितीबाईकडे बघू लागले. अजूनही एखादी थाप सुचली असती. तेवढा सराव होता. पण समोर सासूबाईंचे हात होते, दगडासारखेच झिजलेले.

“मी रचली,” ती म्हणाली. “माहीत नाही म्हणायची लाज वाटली.”

“मेले! चौदा वर्षं घरात होते ना मी? विचारायचंस!”

मॅडमनी ‘राणीची पायरी’वर काट मारली. “धुण्याचा दगड लिहा. आधार म्हणून यांची सही घ्या. आणि परवाना तीन वर्षांचा नाही, सहा महिन्यांचाच मिळेल. पुन्हा येऊन ऐकेन.”

सासूबाईंनी सावकाश, एकेक अक्षर कोरल्यासारखी सही केली. मग सुनेच्या कानाशी लागल्या. “हरवलं होतं बरं का. पैंजण नाही, साबणाची वडी. सासू तीन दिवस बोलली नाही माझ्याशी.”

दुसऱ्या दिवशी माहितीबाईने नव्या घोळक्याला दगड दाखवला. फोटोला कोणी बसलं नाही. दोघी-तिघींनी मात्र वाकून खळग्यावरून हात फिरवला. तिला धीर आला. ती विरह टाळून थेट साबणावर आली, आवाज हळवा केला, गळाही वेळेवर दाटला.

“वडी नवीकोरी होती, ते सांग!” बाकावरून सासूबाई ओरडल्या.