निर्मळ मास्तरांची करदळ

“नको टाकू वाटेवरी, घाल करदळीच्या मुळी,
मळकं पाणी पिऊन बाई, लाल माळते पाकळी.”

भांडी घासता घासता मास्तरांची आई हे म्हणायची. तेव्हा चौथीत शिकणाऱ्या मास्तरांच्या कानात ते शिरलं, डोक्यात नाही. डोक्यात पुढे तीन प्रमाणपत्रं शिरली.

आता मास्तर लोकांना घरच्या घरी सांडपाणी शुद्ध करायला शिकवत. परसात त्यांनी नमुनाच बांधला होता. मोरीचं पाणी आधी तेलकटपणा अडवणाऱ्या कुंडीत, मग खडी-वाळूच्या वाफ्यात, वाफ्यात करदळ, शेवटी टाकीत, तेच बागेला. नमुना इतका देखणा झाला, की तो मळेल या धास्तीनं मास्तरांची झोप उडाली. त्यांनी फर्मान काढलं: यात फक्त नळाचं पाणी सोडायचं. धुणंभांडं, आंघोळ, सगळं समोर, बायकोच्या थोरल्या जावेकडे.

सांडपाण्याचे धडे देणाऱ्या घरात सांडपाणीच उरलं नाही. गल्ली त्यांना ‘निर्मळ मास्तर’ म्हणू लागली. बायको कमरेवर घमेलं घेऊन दिवसातून दोनदा रस्ता ओलांडायची.

महिन्यात करदळ पिवळी पडली. “ऊन बाधलं,” मास्तर म्हणाले. मग ती पुन्हा हिरवीगार झाली. “पद्धत बरोबर आहे,” मास्तर म्हणाले.

आज नगरपालिकेच्या तपासणीच्या बाई आल्या होत्या. त्यांनी मान डोलावली तर गल्लीतल्या चाळीस घरांत असे वाफे होणार. नाही तर दारापुढचं तुंबलेलं गटार नि त्यातले डास होतेच साथीला. कुंपणाशी सगळी गल्ली उभी होती.

मास्तरांनी टाकीतलं पाणी पेल्यात घेऊन उन्हात धरलं. “बघा! काच कुठली नि पाणी कुठलं, ओळखू येत नाही.”

“छान. आता एक बादली घाण पाणी ओता. आत काय जातं, तेही बघू.”

“घाण?” मास्तरांनी पेला खाली ठेवला. “आमच्याकडे... तसं नसतं.”

कुंपणाशी थोरली जाऊ फिसकन हसली. “कसं असेल? यांची घाण आमच्या मोरीत! भावजी, पाठवू का बादलीभर? तुमचीच आहे.”

बाईंनी टोपण काढलेलं पेन वहीवर तसंच धरलं. “म्हणजे नळाचंच पाणी फिरवून दाखवताय? मग शुद्ध काय होतंय इथे?”

मास्तरांची मान खाली गेली. चाळीस घरं त्यांच्या डोळ्यांदेखत गटारात चालली होती.

बाई वाफ्याशी वाकल्या. लाल फुलाखालचं रुंद पान त्यांनी बोटांत धरलं. “पण नुसत्या नळाच्या पाण्यावर करदळ अशी माजत नाही. हिला जेवू कोण घालतंय?”

मग बायकोनं पदराला हात पुसले.

“मी,” ती म्हणाली. “अहो, रागावू नका. तुम्ही सकाळी फिरायला गेलात की जाऊबाईंकडून धुण्याभांड्याचं पाणी परत आणते नि कुंडीत ओतते. तीन बादल्या, रोज. सहा महिने झाले. तुमचा नमुना चालतो हो. तुम्ही त्याला उपाशी ठेवला होता. आणि ती ओवी सासूबाईंनी मलाही शिकवली होती.”