मुलूखियातलं मीठ

इरीनीने दारातलं पातेलं उचललं आणि ओट्यावर आदळलं. आत उद्याच्या गुड फ्रायडेसाठी मोड आणून सोललेले बाकले होते.

"आली आणि ठेवून गेली! दार वाजवलं असतं तर काय हात झडले असते?"

तिचा नवरा सिदहोम आरशासमोर मिशा नीट करत होता.

"अगं, बाकले सोलून दिलेत तिने. शिव्या नाही दिल्या."

"शिव्याच आहेत या. सोललेल्या!"

तिची धाकटी जाऊ फुल्ला वरच्या मजल्यावर राहायची. इरीनीच्या मुलीच्या, वेरेनाच्या साखरपुड्यात, भर पंगतीत, व्याह्यांच्या देखत, इरीनीने रांधलेली पातळ पालेभाजी चाखून ती म्हणाली होती, "मुलूखियात मीठ फार झालंय." तेव्हापासून इरीनी दोनच शब्दांची वाट बघत होती: चुकले, माफ कर. गावात हे शब्द धुळीसारखे उडत असत. धक्का लागला तरी माणसं ते म्हणत आणि पुढे जात. फुल्लाच्या ओठांवर मात्र कुलूप. ती जिना झाडायची, खालच्या मजल्यावर अंथरुणाला खिळलेल्या सासूला पहाटे येऊन आंघोळ घालायची, इरीनीच्या भाकरी स्वतःच्या भट्टीत भाजून पाठवायची. कामाला वाघ, पण तोंड उघडायचं नाव नाही. इरीनीला वाटे, यापेक्षा ती भांडली असती तर बरं झालं असतं. निदान भांडता तरी आलं असतं.

हे सगळं तिने चर्चच्या फादरना, अबूना बिशॉयना, पापनिवेदनाच्या वेळी सांगितलं होतं. मिठाचं तेवढं. त्याच्या आधीचं नाही.

"समेट करा," अबूना म्हणाले होते. "तुम्ही थोरल्या आहात."

ठीक आहे, थोरली तर थोरली. इरीनीने मनाशी पक्कं ठरवलं. आज पवित्र गुरुवार, अख्खं गाव चर्चमध्ये असणार. मिस्सेत, म्हणजे प्रभुभोजनाच्या उपासनेत, वेदीवरचा सेवक म्हणतो, 'एकमेकांना शांतीचं अभिवादन करा,' तेव्हा सगळ्यांदेखत आपणच हात पुढे करायचा. नम्रता कशाला म्हणतात ते गावाला दिसू दे, आणि तिलाही.

अबूनांनी कमरेला पंचा बांधून पाय धुण्याचा विधी केला, मग मिस्सा सुरू झाली. इरीनी बायकांच्या बाजूला, मुद्दाम फुल्लाला खेटून उभी होती. ती क्षण येण्याची वाट बघत राहिली. आता येईल, आता येईल म्हणत तिने उजवा हात थोडा पुढेही काढला. सेवक भलत्याच प्रार्थनेवर पोचला.

"अभिवादन कुठे गेलं?" ती कुजबुजली.

पलीकडून तेरेझा मावशीने कपाळाला हात लावला. "पवित्र गुरुवारी कधी असतं का गं? यहूदाने असंच अभिवादन करून, मुका घेऊनच प्रभूला धरून दिलं ना! केस पिकले तरी एवढं कळेना?"

इरीनीने हात ओढणीत लपवला. तळपायाची आग मस्तकात गेली. एवढी नम्रता जमवली आणि ती वायाच!

प्रभुभोजनाची वेळ झाली. बायका चपला-बूट काढून रांगेत निघाल्या. इरीनीनेही काढले. फुल्ला बूट घालूनच खांबाला टेकून उभी होती.

"बघा, ताठा बघा," इरीनी म्हणाली. "देवाच्या दारातही ताठा!"

"ताठा कसला, बाई?" मावशी आता खरंच वैतागली. "आपल्यावर कुणाचा राग असेल तर समेट होईतो वेदीपाशी जाऊ नये, म्हणून ती सगळा उपवासकाळ मागे राहिलीय. आणि तू? एक तरी रविवार चुकवलास?"

साखरपुड्याची पंगत इरीनीच्या डोळ्यांसमोर उभी राहिली. वाढायला फुल्ला उठली होती, आणि तिच्या हातातलं ताट काढून घेत आपण म्हणालो होतो, 'तू राहू दे. रिकाम्या ओटीचा हात शुभकार्याला नको.' फुल्ला मुकाट खाली बसली होती. मिठाचं त्यानंतर.

रांग पुढे सरकत होती. इरीनी वळली आणि फुल्लाच्या पुढ्यात फरशीवर बसली. तिने फुल्लाचा पाय मांडीवर घेतला आणि बुटाचा पट्टा सोडवू लागली. पट्टा निघेना.

"काय मेला बूट आहे की तिजोरी!" डोळ्यांतलं पाणी नाकावरून ओघळलं ते तिने बाहीने पुसलं. "फुल्ला, त्या दिवशी मी तुला..."

फुल्लाने तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"मुलूखियात मीठ फार होतं, ताई," ती म्हणाली. "बाकी मला काही आठवत नाही."

पट्टा एकदाचा सुटला.

"होतं," इरीनी म्हणाली, आणि तिने दुसऱ्या पायाला हात घातला.