लाकडी पाट, तांब्याचं ताट

मांडवीच्या वाळूवर माडाच्या झापांचा मांडव उभा होता आणि मांडवात माणसावर माणूस चढलं होतं. छत्तीस सालचा शिमगा दोन दिवसांवर आला, तरी होळीची लाकडं आणायला कुणाला सवड नव्हती. सगळा गाव तेजोनाथ महाराजांच्या विजळाईपुढे हात जोडून बसला होता.

ही देवी फार कामसू. बाकीचे देव पापाचा न्याय माणूस मेल्यावर करतात, ही जागच्या जागी करायची. पितळी कलशात तिचं ठाणं. निर्दोष माणसाने हात लावला तर कलश गार. पाप्याने लावला की असा दणका, की माणूस तीन हात मागे!

"देवीला लाच चालत नाय!" महाराज गरजत. "देवीला फक्त भाव लागतो!" त्या भावाबरोबर नारळ आणि शेला आणायचा, एवढंच.

जनीने तो दणका दोनदा खाल्ला होता. तिच्या नवऱ्याच्या, खंडूच्या होडीची जाळी लागोपाठ फाटली, म्हणून सासू आवडाबाई शेला घेऊन महाराजांना विचारायला गेली. महाराजांनी देवीसाठी चांदीचा कमरपट्टा मागितला. जनी मागून बोलून गेली, "कलशाला कंबर कुठं हाय, महाराज?" बायका हसल्या, महाराज हसले नाहीत. त्याच दिवशी देवीने कौल दिला, की होडीला घरच्याच बाईची नजर लागली आहे.

आता उद्या तिसरी खेप. तिसरा दणका बसला, की जनीने बुरोंडीला माहेरी जायचं ते कायमचं. खंडू भला माणूस. भल्या माणसासारखा तो जमिनीकडे बघत बसला होता.

त्या दुपारी जनीचा धाकटा भाऊ लवू मुंबईहून बोटीने उतरला. तो तिथे रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात कामाला होता. जनीने रडून घेतलं, मग पदराची गाठ सोडून दोन रंगीत कांड्या त्याच्या हातावर ठेवल्या. प्रायश्चित्त म्हणून रोज सकाळी मांडव झाडावा लागे, तेव्हा केरात सापडलेल्या. "बघ रे, पोरांची खेळणी दिसतात."

लवू ताठ बसला. "ताय, ह्या रेझिस्टन्स. दोन्ही एकाच मापाच्या! कलशाखाली काय हाय?"

"लाकडी पेटी. पडद्याआड शिवा चेला बसतो, घरघर काहीतरी फिरवतो. देवीचं जातं म्हणे. भजनाच्या तालावर फिरवतो. भजन थांबलं की जातं थांबतं."

"जातं कसलं, डायनामो! फिरवला की वीज करतो. पेटीत वीज साठवायचे दोन डबे असणार. कंडेन्सर. एकट्याला विजेचा दाब सोसत नाय, म्हणून एकामागे एक जोडलेले. पण दोन डबे कधी सारखे नसतात. एक जरा गळका असला, की तो दाब अंगावरून उतरवतो नि सगळा दुसऱ्यावर चढतो."

"म्हणजे माझ्या जावेसारखा."

"तसाच! म्हणून प्रत्येक डब्याला अशी एकेक कांडी जोडायची. मग दोघं सारखा भार उचलतात."

"मग ह्या काढल्या कशाला?"

"कारण कांड्या साठलेली वीज हळूहळू पिऊन टाकतात. महाराजांचं प्रवचन लांबलं, की कलश रिकामा. एखादा पापी सुका सुटला असेल बघ."

"सुटला ना, पहिल्याच दिवशी! महाराज म्हणाले, देवीला दया आली." जनी हसता हसता थांबली. "आणि रे, शेला आणणारे लाकडी पाटावर उभे असतात. मला मात्र ओल्या पायांनी तांब्याच्या ताटात उभी करतात."

लवू बघतच राहिला. "अर्धं तर तूच सोडवलंस गो! वीज कलशातून तुझ्या अंगात नि अंगातून ताटात जाते. सुकं लाकूड तिला वाट देत नाय." मग हळू म्हणाला, "डायनामो जितका जलद, तितका दाब जास्त. मी सांगेपर्यंत ताटात पाय ठेवू नको."

दुसऱ्या दिवशी मांडवात पाय ठेवायला जागा नव्हती. जनी पुढे आली. "महाराज, आज देवीला मीच जागवीन. पापिणीची हाक तरी ऐकू दे."

महाराजांना हे फारच आवडलं. जनीने गळा मोकळा केला:

*जाग गे विजळाई, पाण्यावर उन्हं आली,*
*लेक तुझ्या दारी गे, ओल्या पायांनी आली.*

टाळ धरले गेले. जनीने लय वाढवली. पडद्याआड घरघर वाढली. जनीने दुप्पट केली, बायका डोलू लागल्या. महाराज हात हलवून "पुरे, पुरे" म्हणत होते. पण आपल्याच देवीचं भजन थांबवायचं कुठल्या तोंडाने?

फट्ट!

पेटीतून पांढरा धूर आणि घाण वास सुटला. शिवा ओरडत पडद्याबाहेर धावला.

"देवी कोपली!" महाराज किंचाळले.

"देवी नाय, डबा फुटला," लवू म्हणाला. त्याने सुक्या काठीला बांधलेल्या तारेने उरलीसुरली वीज उतरवली आणि पेटी उघडून सगळ्यांपुढे आणली. आत दोन डबे, एक फाटलेला. एक तार कलशाला, दुसरी ताटाला. चांगला होता तोच फुटला होता. गळका मजेत होता.

"ही सगळी ह्या पोराची करणी!" महाराजांनी लवूकडे बोट दाखवलं.

"असेल," जनी म्हणाली. "मग महाराज, एक डबा शाबूत हाय. शिवा पुन्हा फिरवील. तुम्ही पाय धुऊन ताटात उभे राहा नि कलशाला हात लावा. तुमच्याहून निष्पाप कोण?"

महाराजांनी ताटाकडे पाहिलं आणि दोन पावलं मागे सरले. तेवढा कौल गावाला पुरला.

आवडाबाई कितीतरी वेळ लाकडी पाटाकडे बघत होती. "म्हणजे माझ्या शेल्यानं मला पाट मिळाला," ती पुटपुटली, "नि माझ्या सुनेला ताट." तिने तारेला हिसका दिला आणि ताट सोडवून पदराने पुसलं.

होळीला होडीची पूजा झाली. हळदकुंकवाचं ताट तांब्याचं होतं आणि ते जनीच्या हातात होतं. खंडूने ह्या वेळी मान वर केली होती.

बाबांनो, देव माना की नका मानू, तो तुमचा प्रश्न. पण कुणी चमत्कारापुढे उभं केलं, तर मान खाली घालताना डोळे मिटू नका. पायाखाली काय ठेवलंय, ते आधी बघा.