सगळ्यांसमोर

धारा काढून झाल्या तरी पोरीचा पत्ता नाही. हाका मारून मारून आईचा घसा बसला. शेवटी वैरणीच्या गंजीमागं दप्तर दिसलं, आणि दप्तराला लागून गुडघे पोटाशी घेऊन बसलेली पोरगी.

"पोट दुखतंय," ती म्हणाली.

"रविवारी बरं दुखत नाही ते!" आईनं दंडाला धरून ओढलं, तशी पोरगी तिथंच भडाभडा ओकली. आता सोंग करणारं माणूस असं ओकतं होय? पण आईचा राग काही उतरेना.

तेवढ्यात शाळेतल्या बाईच दारात आल्या. त्यांना बघताच पोरगी गोठ्यात पळाली.

बाई ओट्यावर टेकल्या. "ओरडू नका तिला. ढ नाही ती. अक्षरं तिच्या नजरेत ठरतच नाहीत, ओळ सारखी सुटते. अशा मुलांना शिकवायची रीतच वेगळी. मलाच आधी कळायला हवं होतं. तुम्ही म्हणालात आणि मी उभी करत राहिले. परवा वाचता वाचता तिची चड्डी ओली झाली हो. सगळा वर्ग हसला."

आईचा राग कुठच्या कुठं गेला. मागं शाळेवरून जाताना हीच माउली बाईंना ठासून सांगून आली होती, "रोज सगळ्यांसमोर वाचायला लावा तिला. लाजेनं तरी शिकेल!"

"आता वर्गात नाही वाचायला लावणार," बाई म्हणाल्या. "शाळा सुटल्यावर मी एकटीच तिला घेऊन बसेन. पण ती जवळ तर यायला हवी! मला बघूनच थरथर कापते."

बाई गेल्या. आई गोठ्यात शिरली. सगळं बाईंवर ढकलून मोकळं होता आलं असतं. पण मग पोर त्यांच्याजवळ जन्मात फिरकली नसती, आणि वाचनाचं नावही सुटलं असतं. आणि शरम? ती कुठं ठेवायची?

"बाईंवर रागावू नको गं," ती कशीबशी म्हणाली. "तुला उभी करा म्हणून मीच सांगितलं होतं. चुकलं माझं."

पोरगी म्हशीच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. "माहितेय मला. मी तेव्हा वर्गाच्या दाराआड होते."

"मग बोलली का नाहीस इतके दिवस?"

"तू हसत हसत सांगत होतीस."

आई मटकन खालीच बसली, शेणात की कुठं तेही तिला कळलं नाही. रडू आवरेना. पोरीनं आपल्या ओढणीचं टोक डोळे पुसायला तिच्या हातात दिलं.

"बाईंजवळ बसेन मी," ती म्हणाली. "पण तू ऐकायला यायचं नाही."